अण्णांच्या हाताची हवा

बाळा तेलीची गाडी काजूच्या कारखान्याच्या कुंपणात घुसली, तेव्हा सगळ्या गावाने एका सुरात निकाल देऊन टाकला की बाळ्याला डुलकी लागली. लोकांना निकाल द्यायला काय लागतं! भर सकाळी घावने-चटणी खाऊन निघालेला माणूस दोन गावं ओलांडायच्या आत झोपेल कशाला? इस्पितळात हाताला प्लास्टर घालून पडलेला बाळा मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता.

"वैजू, मी स्टेअरिंग फिरवलंय, पण गाडी लगेच वळूकच नाय. जरा थांबली, मगे एकदम वळली."

मी घरी आले ती त्याच्या गाडीचा पुढचा टायर माझ्या गाडीत टाकूनच. आमच्या देवगडकडच्या आंबा वाहतूक संघात टायरांची देखभाल माझ्याकडे आहे. पायाला भिंगरी आणि तोंडाचा पट्टा चालू, असं माझ्याबद्दल माझ्या नवऱ्याचं, रुपेशचं मत आहे, आणि ते काही खोटं नाही. एकदा संशय आला की खरं-खोटं झाल्याशिवाय मला चैन पडत नाही.

टायर अंगणात आडवा टाकला आणि उकिडवी बसले. मधली नक्षी नव्यासारखी खोल होती. दोन्ही कडा मात्र पाट्यासारख्या गुळगुळीत. आतून बोटं फिरवली तर काळी भुकटी हाताला लागली. रबर आतल्या आत भाजून भुगा होत होतं. मी पडवीकडे पाहिलं. तिथे आरामखुर्चीत माझे वडील, सदानंद घाडी, सगळा तालुका ज्यांना अण्णा म्हणतो ते, मांडीवरच्या पडद्यात डोकं घालून बसले होते. संघाच्या सगळ्या गाड्या त्यावर हिरव्या ठिपक्यांनी दिसतात.

"रुपेश कोल्हापुरास पोचलो," अण्णा म्हणाले. अर्धांगवायूनंतर त्यांचे शब्द जरा जड येतात. "घाट काय झ्याक चढवलंय बग मी."

रुपेशने चढवला असं नाही. मी चढवला, म्हणाले. आणि ते बरोबरच होतं. आमची सगळी पंचाईतही तिथेच होती.

हे कळायला टायरचं थोडं ऐकावं लागेल. गाडीचा भार रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. एवढी थोरली गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. वळणं, ब्रेक, सगळं त्या चार जागांच्या जिवावर चालतं. हवा जास्त झाली की टायरचं पोट पुढे येतं, रस्त्याला टेकणारी जागा आक्रसते, मधलीच नक्षी झिजते, गाडी उडते आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला जास्त अंतर खाते. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि भार कडांवर जातो. स्टेअरिंगचं म्हणणं चाकापर्यंत उशिरा पोचतं. शिवाय टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडतात आणि सरळ होतात. लोखंडी तार एकाच जागी वाकवत बसलं की ती तापते आणि तुटते, तसंच इथे होतं.

विजेच्या गाड्या आल्या, बॅटऱ्यांनी वजनं वाढली आणि टायर वर्षभरात जायला लागले. तेव्हा एका कंपनीने श्वासटायर काढला. रिंगेच्या आत बांगडीसारखी नळी असते. चाक फिरताना ती दबत जाते आणि बाहेरची हवा आत ढकलते. हवा नको झाली की झडप उघडून बाहेर सोडते. किती ठेवायची आणि कधी सोडायची, हे टायर एखाद्या चांगल्या ड्रायव्हरकडून शिकतो. त्या शिकवणीला कंपनीचं एक लांबलचक नाव आहे, आम्ही त्याला हात म्हणतो. "कोणाचो हात लावलंस?" असं आमच्याकडे ड्रायव्हर एकमेकांना सर्रास विचारतात.

आमच्या संघाला हात निवडताना विचारच करावा लागला नाही. उभ्या हयातीत अण्णांच्या गाडीतला हापूस कधी दचकला नाही. दचकलेला आंबा वरून बिनडाग दिसतो आणि चार दिवसांनी पेटी उघडली की आत काळा पडलेला असतो. अण्णांच्या पेटीत असं कधी निघालं नाही, कारण ते टायरात हवा कमी ठेवायचे. घाटाच्या पायथ्याला उतरायचे, तापून कडक झालेल्या टायराच्या तोंडात काडी घालायचे आणि फुस्सकन थोडी हवा सोडायचे. मग टायरावर टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, हाणून आवाज ऐकायचे आणि निघायचे. मोजायचं यंत्र त्यांनी कधी हातात धरलं नाही. "तां पोरांसाठी," म्हणायचे. कंपनीची माणसं एक हंगामभर त्यांच्या शेजारी बसली आणि टायर शिकला.

पुढच्याच पावसाळ्यात अण्णांची उजवी बाजू गेली. ज्या हाताने गाडी चालवली तो हात मांडीवर निपचित पडला. मी त्यांना माझ्याकडे आणलं. त्या वर्षीच्या संघाच्या सत्यनारायणाला कोणीतरी उभं राहून म्हणालं, अण्णांचा हात हंगामापुरता कशाला, बारा महिने ठेवूया. सगळ्यांचेच डोळे भरून आले. ठराव झाला आणि अण्णा लहान मुलासारखे रडले.

आता आंब्याचा हंगाम सरला की आमच्या गाड्या काय रिकाम्या उभ्या राहतात? त्या जांभ्याचे चिरे वाहतात, खतं वाहतात, सिमेंट वाहतात. आणि टायरात आंब्याचा हात.

*

कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयात नीरजा कुलथे नावाच्या इंजिनिअर आहेत. मी त्यांना टायर फोनच्या पडद्यावर उलटासुलटा करून दाखवला. त्यांनी लगेच विचारलं.

"वैजयंतीताई, नाशिवंत मालाचं बटण चालू आहे का या गाड्यांवर?"

"बारा महिने चालू असतं."

"अहो! ते बटण चालू असलं की आमची खालची मर्यादा सैल होते आणि तापमानाचा भोंगा बंद राहतो. ते फक्त आंब्यासाठी दिलं होतं तुम्हाला. मी दोन पत्रं पाठवली होती संघाला."

पत्रं आली असतील. आमच्या अध्यक्षांनी ती देवाजवळ ठेवली असतील, नाहीतर चुलीजवळ. मी म्हटलं, "होतं काय नेमकं, ते सांगा."

त्यांनी सांगितलं. जड माल भरला की टायर तापतो. तापला की आतली हवा फुगते आणि दाब वाढतो. अण्णांच्या हाताला वाटतं, टायर कडक झाला, आंबा दचकेल. तो हवा सोडतो. हवा कमी झाल्यावर टायर जास्त दुमडतो, जास्त तापतो, दाब पुन्हा चढतो. हात पुन्हा हवा सोडतो. अण्णा घाटाच्या पायथ्याला एकदाच काडी घालायचे. यंत्र दर वळणावर घालत होतं.

"आणि भरत नाही?" मी विचारलं.

"निघाल्यावर पहिल्या दोन-चार किलोमीटरात मापावर आणतो. म्हणून सुरुवातीला गाडी ठीक वाटते, तुम्हाला काही दिसत नाही. वाटेत मात्र भरायचं त्याला शिकवलेलंच नाही, नुसतं सोडायचं शिकवलंय. सपाटीवर गाडी ओढून जाईल. पण जड माल घेऊन, ऑक्टोबरच्या उन्हात, घाट उतरताना सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि..." त्या थांबल्या. "कोणी आहे का आत्ता घाटात?"

मी फोनवरच गाड्यांचे ठिपके उघडून पाहिले. रुपेशचा ठिपका कोल्हापूर सोडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागला होता.

तो पहाटे चिरे घेऊन वर गेला होता. येताना सिमेंट आणणार होता, आणि तेही आमच्याच घरचं. अण्णांना चाकाच्या खुर्चीतून आत जाता येईल अशी मोरी बांधायची होती. त्याच्या डोक्यात गेले कित्येक दिवस तेच होतं.

"काढून टाका तो हात," मी जवळजवळ ओरडलेच. "सगळ्या गाड्यांवरून काढा!"

"तसं मला करता येत नाही. हात ज्याचा, मालकी त्याची. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की एका क्षणात निघतो. आमच्याकडून काढायचा तर समिती बसते, आठवडा जातो. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. आणि ड्रायव्हरला फोन करा. ते बटण त्याने बंद केलं तरी पुरे आहे."

मी रुपेशला लावला. उचलला एकदाचा.

"अगो, काय झाला? गाडी लोण्यासारखी चलता."

"लोण्यासारखी चालते तेच वाईट आहे! आंब्याचं बटण बंद कर. आत्ता. गाडी बाजूला घे."

घरात आमची भाषा मालवणीच, पण मी फार घाबरले की शाळेतली मराठी बोलते, हे रुपेशला ठाऊक आहे. तरी तो हसला.

"बंद केलंय तर अण्णांच्या पडद्यार माझो ठिपको पांढरो व्हतलो. थंय बसान दिवसभर आमकाच बगत असतत ते. तेंका काय वाटात? घरी येवन बोलूया."

"रुपेश, अरे टायर..."

आवाज तुटला. त्या रस्त्याला धड रेंज नाही, आणि पुढे घाटात तर अजिबातच नाही. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. बाई म्हणत राहिली की संपर्क क्षेत्राबाहेर. त्या बाईला मी त्या दिवशी काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

"अण्णा, हात काढून घ्यायचा," मी पडवीत जाऊन उभी राहिले. "आत्ता."

"कोणाचो?"

"तुमचा."

अण्णांनी पडदा मांडीवर उपडा घातला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. "माझो एक हात देवान नेल्यान. आता ह्यो तू नेतलंस?"

मी नीरजाबाईंनी सांगितलेलं सगळं एका दमात सांगितलं. हवा, ताप, दाब, पुन्हा हवा. अण्णा मान हलवत राहिले.

"गाढवां ती कंपनीची. इतकी वर्सां घाट चढलंय-उतारलंय, कधी टायर फुटूक नाय माझो. बाळ्याक झोप लागली, आणि बोल माझ्या हातार?"

"बाळाला झोप लागली नव्हती!"

"तू होतंस काय थंय?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हातारा नुसता हेका धरून बसला होता आणि माझ्या फोनवर तो ठिपका पुढे सरकत होता. मी पायऱ्या उतरले, बाळाचा टायर लोटत लोटत पडवीपर्यंत आणला आणि त्यांच्या खुर्चीला टेकवून उभा केला. त्यांचा डावा हात धरला आणि टायराच्या आत घातला. त्यांनी हिसडा दिला, पण मी सोडला नाही.

"हाताला काय लागतंय ते सांगा."

हात बाहेर आला तेव्हा बोटं काळीकुट्ट झाली होती. अण्णांनी ती नाकाजवळ नेली. मग अंगठ्याने एक कड चाचपली, मधली नक्षी चाचपली, दुसरी कड चाचपली. त्यांच्या तोंडावरचा राग गेला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं.

"ह्यां चाक आंब्याचा न्हय."

"खताच्या गाडीचं आहे. बाळा खत नेत होता."

"आणि हात माझो?"

"तुमचाच. बारा महिने तुमचाच असतो, अण्णा. ठराव झालाय ना?"

"मगे हवा भरूक नाय तेणी? खत भरल्यार हवा भरूक होयी!" त्यांचा आवाज चढला, शब्द एकमेकांत अडकायला लागले. "मी चिरे घेतलंय की हवा भरी होतंय. कोल्हापुरासून येताना गगनबावड्याक थांबा होतंय, हवा भरी होतंय, मगे घाट उतरा होतंय. आंब्याक सोडूची, चिऱ्याक भरूची. ह्यां तेंका कोणी शिकवूक नाय?"

"कंपनीची माणसं हंगामात आली होती अण्णा. आंब्याच्या गाडीत बसायची आणि कोल्हापूरला उतरून पुण्याला जायची. परतीचा प्रवास त्यांनी कधी पाहिलाच नाही. तुमचं अर्धंच शिकलाय तो टायर."

अण्णांनी कड पुन्हा चाचपली. मग हळू विचारलं, "रुपेश काय घेवन येता?"

"सिमेंट. तुमच्या मोरीचं."

"बटण बंद कर म्हणान सांगूक नाय तेका?"

"सांगितलं. तो म्हणाला, ठिपका पांढरा झाला तर अण्णांना काय वाटेल."

हे मी रागाने बोलले, आणि बोलल्यावर मला रडूच आलं. अण्णांच्या तोंडाची चांगली बाजूही क्षणभर दुसऱ्या बाजूसारखी लटकली. मग त्यांनी काळ्या बोटांनी माझं मनगट धरलं.

"लाव त्या बाईक. लवकर लाव!"

नीरजाबाई पडद्यावर आल्या. नियमाप्रमाणे त्यांना विचारावंच लागतं, म्हणून त्यांनी विचारलं की आपण हा हात स्वखुशीने परत घेत आहात का. अण्णांनी ताठ बसायचा प्रयत्न केला.

"ह्यो माझो हात न्हय," ते एकेक शब्द नीट लावत म्हणाले. "माझो असतो तर तेणा हवा भरली असती. काढा तेका."

"म्हणजे हो ना, काका?"

"होय. होय म्हणतंय मी."

अण्णांच्या मांडीवरचा पडदा मी सुलटा केला. त्यावरचे ठिपके एकामागून एक पांढरे झाले. देवगडातले, तळेऱ्यातले, कणकवलीकडचे. सगळे पांढरे झाले, एक सोडून. रुपेशचा ठिपका हिरवाच होता. तो गगनबावड्याच्या पुढे येऊन थिजला होता.

"तो घाटात शिरलाय," नीरजाबाई म्हणाल्या. "तिथे आमचा निरोप पोचत नाही."

*

घाटात अर्ध्यावर देवीची घुमटी आहे. तिच्या शेजारी मालनवहिनींची चहाची टपरी. दरड कोसळली तर कळवायला म्हणून रस्त्यावाल्यांनी तिथे तारेचा फोन बसवलाय. बाकीच्या वेळी मालनवहिनी त्यावरून माहेरी बोलत असतात. त्या दिवशीही फोन लागेना. सारखा गुंतलेला. मी पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होते आणि अण्णा खुर्चीतून ओरडत होते, "लागलो? लागलो?" लागला एकदाचा.

"मालनवहिनी, रुपेश गेला का खाली?"

"नाय गो. कित्या?"

"त्याला थांबवा. टायर फुटणार आहे त्याचा. काहीही करा, पण थांबवा!"

"अगो बाय माझे! कसो थांबवू? उतारार येतली ती गाडी!"

"रस्त्यात बाकडी टाक," अण्णा माझ्या हातातल्या फोनकडे झुकून ओरडले. "वरच्या वळणार लाल कापड धरून उभी रव. आडवी जाव नको, बाजूक रव. तो बगीत."

फोन तसाच ठेवून मालनवहिनी धावल्या असाव्यात. आम्हाला फक्त घाट ऐकू येत होता. वारा, कुठेतरी माकडं, चुलीवर काहीतरी उतू गेल्याचं फसफसणं. अण्णांनी माझं मनगट पुन्हा घट्ट धरलं होतं. मला बसवत नव्हतं आणि हलताही येत नव्हतं. मनात नको नको ते येत होतं. पहिल्या वळणावर संरक्षक कठडा आहे, दुसऱ्यावर आहे, तिसऱ्यावरचा गेल्या पावसात वाहून गेलाय, हे मला इतकं स्वच्छ आठवत होतं की मी डोळे मिटून घेतले.

मग लांबून हॉर्न आला. मालनवहिनींची आरोळी. चाकं घासल्याचा लांबलचक आवाज, लाकूड मोडल्याचा आवाज. आणि मग रुपेश, चक्क वैतागलेला.

"काय गो मालनवहिनी? बाकडी कित्या टाकलंस मदी? आधीच गाडी आज ऐकणा नाय. वळवलंय तर वळणा नाय, ब्रेक मारलंय तर सरपाटता..."

"फोन घे! वैजूचो आसा!"

"रुपेश!" मी ओरडले. अण्णांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"रुपेश, गाडी दरीच्या बाजूक आसा की डोंगराच्या?"

"डोंगराच्या, अण्णा. काय झाला?"

"चाकाक दगड लाव. मागच्या. पुढच्या चाकाजवळ जाव नको."

"पुढच्याक धूर येता हो जरासो. थांबा, पाणी मारतंय." आम्हाला कळशीचा आवाज आला.

"पाणी मारू नको!" अण्णा इतक्या जोरात ओरडले की अंगणातली कोंबडी उडाली. इस्पितळातून आल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. तापलेल्या टायरावर गार पाणी ओतायचं, ही आमच्या घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरची खोड, आणि त्यानेच रबर तडकतं. "रबर उलात! कळशी ठेव खाली आणि टपरीच्या मागे जा. वहिनीक घेवन जा. माझ्या हाताची आण आसा तुका, लांब जा!"

पावलं ऐकू आली. कळशी खाली ठेवल्याचा आवाज. मग काहीच नाही. मला वाटलं, झालं, आता निवेल तो. अण्णांनीही श्वास सोडला.

आणि फोनमध्ये धडाम झालं.

सुरुंग उडाल्यासारखा आवाज. त्यामागून काचा, पत्रा, खळखळाट. मग कोणी बोलेना. मी "रुपेश, रुपेश" म्हणत राहिले. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी सरळ गालांवर आलं. ते पुसायला त्यांच्याकडे मोकळा हात नव्हता, कारण एका हातात फोन होता आणि दुसरा उठत नव्हता.

"फुटलो गो!" मालनवहिनींचा आवाज आला, आणि जन्मात मला कोणाचा आवाज इतका गोड लागला नव्हता. "टायर फुटलो! माझ्यो कपबश्यो गेल्यो सगळ्यो! सोडूचंय नाय मी तुमकां, नवीन आणून दिवा माका!"

"रुपेश खंय आसा?" अण्णांनी विचारलं.

"हंय आसा. चुलीमागे बसलो हा. धड आसा."

मग रुपेशचा आवाज. बारीक. "अण्णा, मी कळशी घेवन थंयच उभो होतंय."

"माका ठावक आसा," अण्णा म्हणाले, आणि फोन माझ्याकडे देऊन रडत राहिले. मीही रडले. रडता रडता मी रुपेशला खूप शिव्या दिल्या, आणि त्याने त्या सगळ्या गुपचूप ऐकून घेतल्या.

*

मोरीचं काम झालं. मालनवहिनींना नव्या कपबश्या पोचल्या. संघाच्या गाड्यांवर आता कंपनीचा साधा हात आहे. गाडी थोडी कडक चालते, आणि पाठ दुखते म्हणून ड्रायव्हर कुरकुर करतात. करू देत. नीरजाबाई म्हणतात की येत्या हंगामात त्यांची माणसं पुन्हा येतील, आणि या वेळी चढताना आणि उतरताना दोन्ही बसतील. पण शिकवणार कोण, याचं उत्तर अजून कोणाकडे नाही.

पडदा अण्णांनी स्वतःच बंद करून कपाटात ठेवायला लावला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, माका संघार घेवन चल. आता ते रोज तिथल्या फाटकात खुर्ची टाकून बसतात, डाव्या हातात टॉमी धरून. बाहेर पडणारी प्रत्येक गाडी त्यांच्यापुढे थांबते. ते टायरावर टॉमी हाणतात, कान देतात आणि मान हलवतात. डावा हात अजून तिरका पडतो. एकदा टॉमी बाळ्याच्या पायावरच बसला. हाताचं प्लास्टर सुटून आठवडाही झाला नव्हता बिचाऱ्याला. तो हसत लंगडत गेला.

परवा रुपेश चिरे भरून निघाला. मी मुद्दाम कामं सोडून फाटकात आले होते. हल्ली तो निघाला की मला आत बसवतच नाही. अण्णांनी पुढच्या टायरावर टॉमी हाणला, ऐकलं. पुन्हा हाणला. रुपेश खिडकीतून वाट बघत होता, मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या, कोणीही हॉर्न वाजवला नाही. अण्णांनी तिसऱ्यांदा हाणला आणि टॉमी खाली ठेवला.

"माका कळना नाय, बाय," ते म्हणाले. "तुझा ता यंत्र आण. मापून बग."

जन्मभर ज्याला पोरांचं खेळणं म्हणाले, ते हवेचं यंत्र मी धावत जाऊन आणलं. टायराला लावलं आणि आकडा त्यांना वाचून दाखवला. अण्णांनी तो पुन्हा एकदा विचारला. मग म्हणाले, "थोडी भर."

मी भरली. रुपेशची गाडी रस्त्याला लागून वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं तिकडेच बघत होतो. मग अण्णांनी यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि मागच्या गाडीला पुढे यायची खूण केली.